मेंदूतल्या गाठीची कड दाखवणारा लाल उजेड

ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूतली फार आक्रमक गाठ. तिला कवच नसतं. ओल्या कागदावर शाई फुटावी तशी ती कडेने निरोगी मेंदूत पसरत जाते आणि पांढऱ्या उजेडात ही कड सर्जनच्या नजरेला नीट कळत नाही. आतड्यातली गाठ काढताना आजूबाजूचा निरोगी भागही सोबत काढता येतो. मेंदूत मात्र तेवढ्याच जागेत माणसाचं बोलणं किंवा उजवा हात असू शकतो. आधी काढलेल्या एमआरआयवरही शेवटपर्यंत विसंबता येत नाही. कवटी उघडून आतलं पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो, कधी कधी सेंटीमीटरभर, आणि नकाशा चुकू लागतो.

इथे रसायनशास्त्र मदतीला येतं. ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, म्हणजेच ५-एएलए, आपल्या पेशी रोजच तयार करतात. त्याचे आठ रेणू जोडले जाऊन पुढे प्रोटोपॉर्फिरिन होतं, त्यात फेरोकेलाटेज हे विकर (एन्झाइम) लोहाचा अणू बसवतं आणि हीम तयार होतं. हेच हीम रक्ताला लाल रंग देतं. बाहेरून जादा ५-एएलए दिलं तर गाठीच्या पेशी ते भरपूर उचलतात, पण लोह बसवण्याच्या पायरीवर त्या मागे पडतात. त्यामुळे प्रोटोपॉर्फिरिन साचतं. लोह बसलेला रेणू चमकत नाही. लोहाविना मात्र हा रेणू ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो.

मात्रा असते किलोमागे २० मिलिग्रॅम. दीड ग्रॅमची पूड ५० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवतात. ६० किलोच्या रुग्णाला त्यातलं ४० मिलिलिटर पाजतात, भूल देण्याच्या साधारण ३ तास आधी. त्यानंतर २४ तास रुग्णाला उन्हापासून आणि प्रखर दिव्यांपासून जपावं लागतं, कारण हाच रेणू त्वचेत उरला तर प्रकाशात ती भाजल्यासारखी होते. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाचा निळा दिवा लावला की निरोगी मेंदू गडद निळा, भरीव गाठ तांबडीलाल आणि विरळ पेशींची कड फिक्कट गुलाबी दिसते. डोळ्यांना हे रंग ओळखता यावेत म्हणून सूक्ष्मदर्शकातली प्रकाशगाळणी (फिल्टर) थोडासा निळा उजेड मुद्दाम येऊ देते. २००६ साली जर्मनीतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. या पद्धतीने एमआरआयवर दिसणारी गाठ ६५ टक्के रुग्णांत पूर्ण निघाली, तर साध्या उजेडात ३६ टक्क्यांत.

फसगत कुठे होते? रक्ताचा पातळ थर पसरला तरी चमक झाकली जाते, कारण हिमोग्लोबिन निळा प्रकाश शोषून घेतं; म्हणून आधी धुवून, टिपून मगच पाहायचं. खोल खड्ड्याच्या कपारीत उजेडच पोहोचत नाही. निळ्या दिव्याखाली रेणू हळूहळू विझतो. सुमारे २५ मिनिटांत चमक जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. गाठीचा मधला मेलेला भाग चमकत नाही. सौम्य दर्जाच्या गाठी बहुधा लाल दिसतच नाहीत. उलट सुजलेला भाग कधी कधी उगाच चमकतो.

यावर उपाय म्हणजे डोळ्याऐवजी वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशातला प्रत्येक रंग किती ते मोजणारं यंत्र. पेनासारखी सळई ऊतीला टेकवतात आणि लाल प्रकाश किती ते मोजतात. त्याच जागी पांढरा प्रकाशही टाकतात आणि रक्ताने किती शोषला ते पाहून आकडा दुरुस्त करतात. मग डोळ्याला न दिसणारी चमकही सापडते. ही दुरुस्ती गाळली तर मोजमापाला अर्थ उरत नाही.

रंगद्रव्याविना चालणारा मार्ग १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामावर उभा आहे. ऊतीवर लेसर टाकला की परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग तरंगलांबी बदलून येतो, आणि त्यातून मेद, प्रथिनं आणि डीएनए यांचं प्रमाण कळतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये १७ रुग्णांवर हातात धरायची रामन सळई वापरली गेली. एका मोजणीला ०.२ सेकंद लागले. ९३ टक्के गाठीचे आणि ९१ टक्के निरोगी नमुने बरोबर ओळखले गेले. संकेत इतका क्षीण की मोजताना सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद ठेवावा लागतो.

लाल दिसलं म्हणजे काढायचंच, असं मात्र नाही. चमकणारी ऊती हाताच्या चेतामार्गाला लागून असेल तर सर्जन आधी तिथे सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाहतो. हात हलला की तिथली चमक तशीच ठेवली जाते आणि उरलेल्या पेशींसाठी नंतर किरणोपचार आणि केमोथेरपी दिली जाते.