रॅकच्या आधी गल्ली

गोदामाचा नकाशा काढताना रॅकच्या रेघा नंतर ओढाव्यात; आधी गल्लीतून काय फिरणार ते ठरवावे. या विषयाचा शंभर वर्षांचा इतिहासही त्या फिरणाऱ्या गाडीच्या मागेमागेच चालत आला आहे.

यंत्रे नव्हती तेव्हा थप्पीची उंची माणसाच्या खांद्याने ठरायची. छत कितीही उंच असो, वरची हवा फुकट जायची. 1917 मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क कंपनीने कारखान्यातला माल ओढायला ट्रकट्रॅक्टर बनवला. 1923 मध्ये येल कंपनीच्या विजेवरच्या गाडीने काट्यांवर माल उचलून उंच नेला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी पुरवठ्यामुळे लाकडी पॅलेट, म्हणजे माल रचून उचलायचे फळ्यांचे पाट, सर्वत्र पसरले. पण पॅलेटवर पॅलेट रचला की खालचा माल चेपतो, आणि तोच हवा असेल तर वरचे सगळे उतरवावे लागते. रॅकची खरी गरज इथे निर्माण झाली. 1947 मध्ये लंडनमधल्या डिमिट्रियस कोमिनो यांनी भोके पाडलेला पोलादी अँगल, म्हणजेच डेक्सिऑन, बाजारात आणला. माल बदलला की बोल्ट काढून कप्पा वरखाली करता येऊ लागला.

तरी जागा खाते ती गल्लीच. 1.2 मीटर खोलीचे दोन रॅक पाठीला पाठ लावले तर 2.4 मीटर होतात. साध्या फोर्कलिफ्टला काटकोनात वळायला साधारण 3.5 मीटरची गल्ली लागते. म्हणजे जवळजवळ 60 टक्के जमीन रिकामी! काटे पुढे सरकवून माल ठेवणाऱ्या रीच ट्रकला 2.8 मीटर पुरतात, तर न वळता बाजूला माल ठेवणाऱ्या गाडीला सुमारे 1.7; मग गल्लीचा वाटा 41 टक्क्यांवर येतो. म्हणून गाडी ठरवायच्या आधी रॅक मागवणे हा मला नियोजनातला सर्वांत महागडा उतावळेपणा वाटतो. 1962 मध्ये जर्मनीतल्या ग्युटर्सलो येथे बर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेसाठी सुमारे 20 मीटर उंचीचे स्वयंचलित गोदाम उभे राहिले, आणि चालकच नसल्याने उंचीचा प्रश्नही मागे पडला.

पुढे हिशेब जागेवरून वेळेकडे सरकला. 1963 मध्ये हेस्केट या अमेरिकन अभ्यासकाने सुचवले की माल किती जागा व्यापतो आणि किती वेळा मागवला जातो, यांचे गुणोत्तर पाहून दाराजवळचे खण वाटावेत. त्यातही पेच आहे. प्रत्येक मालाला कायमचा खण दिला तर प्रत्येकाच्या सर्वाधिक साठ्याएवढी जागा अडते. मिळेल त्या खणात ठेवला तर रिकामी जागा सगळ्यांना वापरता येते, पण कुठे काय आहे ते डोक्यात ठेवणे अशक्य. ती आठवण बारकोड आणि संगणकाने आपल्याकडे घेतली.

2009 मध्ये ग्यू आणि मेलर या अमेरिकन संशोधकांनी तर सरळ गल्ल्यांचाच हट्ट सोडला. माशाच्या काट्यासारख्या तिरप्या गल्ल्यांनी माल अख्ख्या पॅलेटनेच ठेवल्या-काढल्या जाणाऱ्या गोदामात ये-जा सुमारे 20 टक्के कमी होते, असे त्यांनी दाखवले. बदल्यात थोडी जास्त जमीन जाते. तरी बहुतेक गोदामे अजून सरळच आखली जातात.

2003 मध्ये स्थापन झालेल्या किवा या अमेरिकन कंपनीने तर यंत्रमानवाच्या पाठीवर रॅकच माणसाकडे आणला. गल्लीतून माणूस गेला, पण समोर आलेल्या रॅकमधून वस्तू काढायची त्यानेच. त्यामुळे त्या रॅकची उंची पुन्हा त्याचा हात पोचेल एवढ्यावर आली.