डोक्यावरची टोपी, अंगावरचा रंग, हातातला कागद: जपानी दरबारातल्या दर्जांची पार्श्वभूमी

२२ ऑक्टोबर २०१९ रोजी तोक्योच्या राजवाड्यात सम्राट नारुहितो यांचा राज्यारोहण सोहळा झाला, तेव्हा त्यांच्या अंगावर पिवळट तपकिरी रंगाचा पायघोळ झगा होता. या रंगाचं नाव कोरोझेन. तो सम्राटाखेरीज कुणी घालायचा नाही. सम्राटानं कुठल्या प्रसंगी काय नेसावं हे ठरवणारा, त्यात कोरोझेनचं नाव घेणारा हुकूम ८२० सालचा, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीचा. पण रंगावरून माणसाची पायरी ओळखायची सवय जपानी दरबाराला त्याच्याही दोनशे वर्षं आधी लागली होती.

तिची सुरुवात बहुधा एका फजितीतून झाली. ६०० साली जपानचा एक दूत चीनमध्ये सुई घराण्याच्या सम्राटाच्या दरबारी गेला. तुमच्याकडे कारभार कसा चालतो, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं की आमचा राजा पहाटेपूर्वी बसून राज्य करतो आणि सूर्य उगवला की काम थांबवून ते धाकट्या भावावर, म्हणजे सूर्यावर सोपवतो. हे काही शहाणपणाचं नाही, असा शेरा मारून सुई सम्राटानं रीत बदलायला सांगितलं. ही हकिगत चिनी इतिहासात आहे. ‘निहोन शोकी’ या जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात तिचा अवाक्षरानंही उल्लेख नाही, यात नवल ते काय!

तीनच वर्षांत, ६०३ साली, सम्राज्ञी सुइको यांच्या दरबारानं बारा दर्जांची नवी पद्धत जाहीर केली. तिचं श्रेय परंपरेनं राजपुत्र शोतोकु यांना दिलं जातं. सद्गुण, माणुसकी, शिष्टाचार, सचोटी, न्याय आणि शहाणपण अशी सहा नावं, प्रत्येकात थोरला आणि धाकटा असे दोन दर्जे. ही चिनी कन्फ्युशियन गुणांची यादी असली तरी क्रम जपाननं आपल्या सोयीनं लावला. दर्जानुसार रेशमी टोपी मिळे; वरून पिशवीसारखी गोळा केलेली, खाली काठ लावलेली. कोणत्या दर्जाला कोणता रंग हे ‘निहोन शोकी’ सांगत नाही. जांभळा, निळा, तांबडा, पिवळा, पांढरा, काळा हा क्रम बऱ्याच पुस्तकांत ठामपणे छापलेला असतो, पण तो मागाहून बांधलेला अंदाज आहे.

६११च्या नोंदीत मात्र चित्र स्पष्ट दिसतं. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी सगळा दरबार उदाच्या माळावर औषधी शिकारीला, म्हणजे औषधी वनस्पती गोळा करायला निघाला. प्रत्येकाचे कपडे त्याच्या टोपीच्या रंगाचे. वरच्या दोन दर्जांच्या टोपीत सोन्याचा तुरा, पुढच्या दोघांच्या बिबट्याच्या शेपटीचा, बाकीच्यांना पक्ष्याच्या पिसांवर समाधान.

या टोप्यांचं खरं महत्त्व वेगळं होतं. तोवर मान घराण्याला मिळायचा आणि वारसानं उतरायचा. टोपी माणसाला मिळे आणि कामगिरी पाहून बदलता येई. ६०७ साली चीनला गेलेला ओनो नो इमोको तेव्हा पाचव्या दर्जावर होता. पुढे तो अगदी वरच्या पायरीला पोचला. पण सगळ्यात बलाढ्य सोगा घराण्याचे प्रमुख या बारा पायऱ्यांच्या बाहेरच राहिले, आणि ६४३ साली सोगा नो एमिशी यानं आजारपणात आपली जांभळी टोपी परस्पर मुलाच्या, इरुकाच्या डोक्यावर ठेवली. दरबाराला न विचारता दिलेली ही टोपी महागात पडली. दोनच वर्षांत इरुकाला दरबारातच कापून काढलं.

त्यानंतर दर्जांचे आकडे भराभर बदलत गेले. ६४७ साली तेरा, ६४९ला एकोणीस, ६६४ला सव्वीस, ६८५ला अठ्ठेचाळीस. मधेच ६८२ साली सम्राट तेम्मु यांनी रंगीत टोप्या बंद करून सगळ्यांना लाखेनं काळी केलेली जाळीदार टोपी दिली. मग दर्जा ओळखायचा कसा? तर झग्याच्या रंगावरून. आणि ७०१च्या ताइहो कायद्यानं टोपी देणंच थांबवलं. त्याऐवजी लेखी सनद आली, आणि सद्गुणांची नावं जाऊन पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे आले.

पुढच्या योरो कायद्यात पोशाखावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या दर्जाला गडद जांभळा, दुसऱ्या-तिसऱ्याला फिका जांभळा, चौथ्याला गडद लाल, पाचव्याला फिका लाल, सहाव्या-सातव्याला हिरवा, त्याखाली निळा. दर्जा नसलेल्याला पिवळा. आपल्याहून खालचा रंग घालायला हरकत नव्हती, वरचा मात्र वर्ज्य. नववर्षदिनासारख्या मोठ्या सोहळ्यांचा ‘राइफुकु’ हा भारी पोशाख पाचव्या दर्जापासून वर. रोजच्या दरबाराचा ‘चोफुकु’, आणि दर्जा नसलेल्यांचा ‘सेइफुकु’. आज जपानी शाळकरी मुलांच्या गणवेशाला हाच शब्द आहे.

जांभळाच सगळ्यात वर का, याचं एक कारण रंगाऱ्याच्या हिशेबात सापडतं. मुरासाकी नावाच्या झुडपाच्या मुळ्यांपासून हा रंग काढत. दहाव्या शतकातल्या ‘एंगिशिकी’ या नियमसंग्रहात एका ताग्याला गडद जांभळा चढवायला ३० किन मुळ्या लिहिल्या आहेत, फिक्याला फक्त ५. किन म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. लाल रंग आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातल्या आकानेच्या मुळांतून यायचा.

७१९ साली आणखी दोन बारकावे ठरले. झग्याचा उजवा पदर आत, डावा वर. किमोनो आजही तसाच नेसतात. आणि अधिकाऱ्यांनी हातात ‘शाकु’ ही चपटी पट्टी धरायची, पाचव्या दर्जापासून वर हस्तिदंती, खाली लाकडी. पाचवा दर्जा ही खरी वेस होती. ती ओलांडली की खानदानी. आणि कामगिरीवर मिळणारी पायरी पुन्हा घराण्याकडे सरकली: पहिल्या दर्जाच्या माणसाच्या मुलाला एकविसाव्या वर्षी थेट पाचव्या दर्जाच्या उंबरठ्यावर घेत.

हेइआन काळात (७९४ ते ११८५) रंगांची गर्दी आटली आणि चौथ्या दर्जापासून वरचे सगळे काळ्या झग्यात दिसू लागले. चिनी धाटणीचा राइफुकु मात्र राज्यारोहणापुरता टिकला. तो शेवटचा दिसला १८४७ साली, सम्राट कोमेइ यांच्या वेळी. १८६८ला मेइजी यांच्या सोहळ्यात तो गाळला गेला.

दर्जे मात्र संपलेले नाहीत. जपान सरकार आजही ते देतं, पण १९४६पासून फक्त मृत व्यक्तींना. सनद घरच्यांच्या हाती येते.