१९४५ मध्ये सालाझार गेला असता तर? : गोव्याच्या न घडलेल्या इतिहासाची पार्श्वभूमी

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लिस्बनमध्ये एक दार किलकिलं झालं होतं. हिटलर आणि मुसोलिनी संपले होते, मग पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार किती दिवस टिकणार, असं लोक उघड बोलू लागले. त्यानंच निवडणूक जाहीर केली, इंग्लंडसारखी मुक्त होईल असं सांगितलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये विरोधकांनी ‘लोकशाही ऐक्य चळवळ’ उभी केली आणि पाठिंब्याच्या हजारो सह्या गोळा केल्या. मतदारयाद्या सुधारायला त्यांनी मागितलेली मुदत मिळाली नाही, तेव्हा त्यांनी बहिष्कार टाकला. पुढे त्याच सह्यांवरून माणसं हेरून छळ सुरू झाला. दार बंद झालं ते १९७४ पर्यंत.

ते उघडंच राहिलं असतं तर पोर्तुगालात कुठली लोकशाही आली असती? आदर्श नक्कीच नाही. १९१० ते १९२६ या काळातलं त्यांचं पहिलं प्रजासत्ताक सोळा वर्षांत सुमारे ४५ मंत्रिमंडळं पाहून लष्करी बंडात बुडालं होतं. मताचा हक्क तेव्हाही मोजक्यांना, बायकांना तर नाहीच. तरीही गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे बरोबरीचं स्थान मिळालं ते याच मोडक्या प्रजासत्ताकात. मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं याच वर्षांत फोफावली. सालाझारनं १९३० च्या वसाहत कायद्यानं आणि सेन्सॉरनं हे सगळं आवळलं. लग्नपत्रिकाही तपासून घ्यावी लागे, ही आठवण गोव्यातली जुनी माणसं सांगत आली आहेत.

इथे एक भाबडी समजूत दूर ठेवायला हवी. सालाझारचे विरोधक वसाहती सोडायला निघाले होते, असं नाही. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी विरोधकांनी उभे केलेले नोर्तों द मातुश एकेकाळी अंगोलाचे प्रमुख प्रशासक होते आणि साम्राज्याचे कट्टर अभिमानी. म्हणजे लोकशाही आली असती तरी गोवा कुणी तबकात आणून दिला नसता.

मग फरक काय पडला असता? उत्तर फ्रान्सकडे पाहिलं की मिळतं. त्यांचं चौथं प्रजासत्ताकही असंच डळमळीत, वर्षाला सरकार पाडणारं. त्यानं इंडोचायनात युद्ध लढलं, अल्जीरियातही रक्त सांडलं. पण १९५४ मध्ये मेंदेस-फ्रान्स यांचं सरकार आलं. त्यानं जुलैत जिनिव्हामध्ये इंडोचायनाचा तोडगा काढला आणि १ नोव्हेंबरला पुद्दुचेरीचा कारभार भारताकडे दिला. काही महिन्यांत ते सरकारही पडलं. जे सरकार पडू शकतं, त्याच्या जागी वेगळं धोरण घेऊन दुसरं येऊ शकतं. सालाझारचं पडतच नव्हतं. १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असं नाव देऊन त्यानं वाटाघाटींचा विषयच मिटवला आणि १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या.

गोवा पुद्दुचेरीच्या वाटेनं १९५४-५५ मध्येच आला असता, तर आपल्याकडचं चित्रही पालटलं असतं. राज्य पुनर्रचना आयोग तेव्हा बसलेला होता, संयुक्त महाराष्ट्राची लढाई पेटत होती, आणि कोकणी की मराठी, विलीनीकरण की स्वतंत्र अस्तित्व हा वाद त्याच वणव्यात सापडला असता. पुद्दुचेरीच्या करारात लोकांचा कौल घेतल्याशिवाय तिथली घटनात्मक व्यवस्था बदलायची नाही, अशी हमी होती. तशीच हमी गोव्यानंही मागितली असती, असं मला वाटतं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावरचा १६ जानेवारी १९६७ चा कौल मग दहाएक वर्षं आधी झाला असता. निकाल तोच, म्हणजे वेगळं राहण्याचा, लागला असता का, हे मात्र छातीठोक सांगता येणार नाही. १९६१ ची फौज लागली नसती, एवढं खरं. आणि मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे यांना गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात सात वर्षं काढावी लागली नसती. ते १९६९ मध्ये सुटले.

प्रत्यक्षात २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार दिल्लीत झाला. भारताकडून सही केली यशवंतराव चव्हाणांनी. पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी, ज्यांनी विशीत त्याच ‘लोकशाही ऐक्य चळवळी’त काम केलं होतं.