खुडबुड्या प्रशिक्षक

२० एप्रिल २००४. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेत उपांत्य फेरीचा पहिला सामना मोनॅकोच्या मैदानावर चालू होता. १-१ अशी बरोबरी होती आणि मोनॅकोचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता. अकराविरुद्ध दहा. इंग्लंडच्या चेल्सी क्लबचे प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना वाटलं, हीच वेळ आहे. त्यांनी मेल्किओट या बचावपटूला बाहेर बोलावलं आणि हॅसलबाइंक या आघाडीच्या खेळाडूला आत पाठवलं. थोड्याच वेळात आणखी एक बदल केला. मग दहा जणांच्या मोनॅकोने दोन गोल मारले आणि सामना ३-१ असा जिंकला.

इंग्लंडची वर्तमानपत्रं रानिएरींना ‘टिंकरमन’ म्हणत. मराठीत सांगायचं तर खुडबुड्या, म्हणजे चालू यंत्राला उगाच हात लावणारा. त्या रात्रीनंतर हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

गेली काही वर्षं रोजच्या लोकल प्रवासात मी फुटबॉलचे पॉडकास्ट ऐकतो. जुन्या, मुरलेल्या प्रशिक्षकावर वाद सुरू झाला की मी स्टेशन आलं तरी कानातून बोंडं काढत नाही. ‘माणसं सांभाळतो, पण डावपेच जुने.’ ‘अनुभव आहे, पण हट्टी आहे.’ ऐकताना दोन्ही बाजू पटतात. रानिएरींची कारकीर्द मी पुन्हा पुन्हा चाळली आणि माझं एक मत पक्कं झालं: आपण ज्याला प्रशिक्षकाचा गुण किंवा दोष म्हणतो, ते बरेचदा निकाल कळल्यावर त्याच एका स्वभावाला दिलेलं नाव असतं. समजा हॅसलबाइंकने त्या रात्री गोल केला असता, तर तोच बदल धाडसी ठरला असता.

मानसशास्त्राने हे प्रयोग करून तपासलं आहे. १९७५ साली बारूक फिशॉफ यांनी लोकांना १८१४च्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन वाचायला दिलं. काहींना सांगितलं की इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं की गुरखे जिंकले, तर काहींना सांगितलं की लढाई अनिर्णित राहिली. नंतर प्रत्येकाला विचारलं की निकाल माहीत नसता, तर तुम्ही कोणत्या शेवटाची किती शक्यता धरली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच जास्त शक्य वाटला. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं. यालाच आपण पश्चातबुद्धी म्हणतो. ती इतकी सहज येते की आली हे आपल्याला कळतही नाही.

१९८८ साली जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. शस्त्रक्रिया करायची की नाही, याचा डॉक्टरने घेतलेला निर्णय त्यांनी लोकांपुढे ठेवला. माहिती तीच आणि धोकाही तेवढाच. फरक एवढाच की एका गोष्टीत रुग्ण वाचला आणि दुसरीत दगावला. रुग्ण वाचला तिथे लोकांना डॉक्टरचा निर्णयही जास्त चांगला वाटला. सामन्यानंतरच्या बहुतेक चर्चा मला याच प्रयोगाच्या आवृत्त्या वाटतात.

फुटबॉलमध्ये हा धोका जास्त आहे, कारण गोल फार कमी होतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०१५-१६ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी २.७ गोल झाले. क्रिकेटमध्ये एक झेल सुटला तरी पुढचे दोनशे चेंडू हिशेब सुधारायला असतात. इथे मात्र चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर सगळा सामना फिरतो. म्हणूनच हल्ली अभ्यासक गोलांबरोबर ‘एक्सजी’ मोजतात. एखाद्या जागेवरून, त्या कोनातून मारलेल्या फटक्याचा एरवी किती वेळा गोल होतो, ती शक्यता म्हणजे एक्सजी. पेनल्टीची शक्यता साधारण पाऊण धरतात. निकाल बाजूला ठेवून संघाने संधी किती निर्माण केल्या आणि किती दिल्या, हे त्यातून दिसतं.

नशिबाचा वाटा किती मोठा असतो, हे घरच्या फाशाने पाहता येतं. मी वहीत रकाने आखून पाहिलं, तुम्हीही पाहा. १ किंवा २ पडलं तर विजय, तीन गुण. ३ किंवा ४ पडलं तर बरोबरी, एक गुण. ५ किंवा ६ पडलं तर हार. फासा ३८ वेळा टाका, एक हंगाम झाला. सरासरी ५१च्या आसपास गुण पडतात. पण गणित सांगतं की अशा तीन हंगामांपैकी साधारण एका हंगामात गुण ४३च्या खाली किंवा ५८च्या वर जातात. ४३ गुणांवर तळाची धाकधूक सुरू होते, ५८ गुणांवर गुणतालिकेच्या वरच्या अर्ध्यात जागा मिळते. फासा तोच आहे, त्याला कोणी प्रशिक्षक नाही. आणि याच फाशावर सलग पाच पराभवांची रांग दर अकरा हंगामांत एकदा तरी लागते. वीस संघांच्या लीगमध्ये याचा अर्थ दरवर्षी एकदोन संघांवर ही वेळ निव्वळ योगायोगाने येऊ शकते.

आता लेस्टर या इंग्लिश क्लबकडे येऊ.

नोव्हेंबर २०१४मध्ये रानिएरींच्या हाताखालचा ग्रीसचा राष्ट्रीय संघ घरच्या मैदानावर फॅरो बेटांकडून ०-१ असा हरला आणि त्यांची नोकरी गेली. २०१५च्या उन्हाळ्यात लेस्टरने त्यांना घेतलं तेव्हा अनेकांनी कपाळावर हात मारला. लेस्टर आदल्या हंगामात चौदावा होता आणि सट्टेबाजांनी विजेतेपदाचा भाव एकास पाच हजार लावला होता. मे २०१६मध्ये लेस्टर ८१ गुणांसह, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलहून दहा गुणांनी पुढे राहून विजेता झाला. या हंगामात अकरा जणांच्या संघात सर्वांत कमी बदल कोणी केले? याच खुडबुड्याने.

यातल्या नशिबाबद्दल मला शंका नाही. दुखापती कमी झाल्या. मोठे संघ एकाच वेळी ढेपाळले, गतविजेता चेल्सी तर दहावा आला. पण त्या हंगामाचे दोन अर्धे शेजारी ठेवून पाहा. पहिल्या १९ सामन्यांत लेस्टरने २५ गोल खाल्ले, पुढच्या १९ सामन्यांत फक्त ११. सुरुवातीच्या नऊही सामन्यांत त्यांच्यावर गोल झाला होता. सप्टेंबरच्या शेवटी आर्सेनलने ५-२ असं धुतल्यावर रानिएरींनी बचावफळीच्या दोन्ही कडा बदलल्या. वेगाने पुढे धावणारे डे लात आणि श्लुप बाहेर गेले, जागा न सोडणारे सिम्प्सन आणि फुक्स आत आले. एकही गोल न खाता सामना संपवला तर सगळ्यांना पिझ्झा, असं आमिषही त्यांनी दाखवलं होतं. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ते जमलं आणि पिझ्झा मिळाला. मधल्या फळीतला कांटे आणि बचावातले मोर्गन, हुथ आधीपासून संघात होतेच. मला यात प्रशिक्षकाचा हात स्पष्ट दिसतो. एक नेमका बदल करायचा आणि मग हात मागे घ्यायचा. आधीच्या प्रशिक्षकाचे सहकारीही त्यांनी तसेच ठेवले, हे फार कमी सांगितलं जातं.

पुढच्या हंगामात कांटे चेल्सीला गेला. २५ सामन्यांत २१ गुण झाले आणि लीगमध्ये सलग पाच पराभव झाले. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, विजेतेपदानंतर नऊ महिन्यांनी, रानिएरींना काढलं. त्यांचे सहायक क्रेग शेक्सपियर आले आणि लेस्टरने लीगमधले पुढचे पाच सामने जिंकले. झालं, दोष सिद्ध!

इथे थांबायला हवं. बास तेर वील या अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ मधल्या डच फुटबॉलचे आकडे तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारतात, हे खरं निघालं. पण तितकेच गाळात गेलेले आणि तरीही प्रशिक्षक न काढलेले संघ शेजारी ठेवले, तर तेही तसेच सावरलेले दिसले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गॉल्टन यांनी उंच आईबापांच्या मुलांच्या उंचीत जे पाहिलं, तेच हे: टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या वेळी सरासरीकडे सरकते. प्रशिक्षक बहुधा टोकाच्या पडझडीतच काढले जातात, त्यामुळे येणाऱ्याच्या पदरात आयतं श्रेय पडतं. म्हणून शेक्सपियरचं काही कर्तृत्व नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पाच सामन्यांवरून ते ठरत नाही, इतकंच.

मग इतकी ठाम मतं येतात कुठून? १९६९ साली सर्ज मॉस्कोव्हिची आणि मारिसा झाव्हालोनी यांनी फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना फ्रान्सचे नेते द गॉल यांच्याबद्दल आणि अमेरिकनांबद्दल चर्चा करायला लावली. द गॉल यांच्याबद्दलचं बरं मत चर्चेनंतर आणखी बरं झालं, अमेरिकनांबद्दलचं वाईट मत आणखी वाईट झालं. एकाच बाजूला कललेली माणसं एकत्र बोलली की मध्यावर येत नाहीत, कडेला जातात. तीन मित्र माइकसमोर तासभर एकाच प्रशिक्षकावर बोलत असतील, तर शेवटच्या दहा मिनिटांतलं मत पहिल्या दहा मिनिटांपेक्षा कडक का असतं, याचं उत्तर इथे आहे. त्यात आवाज थेट कानात येतो. रोज ऐकलेला सूत्रधार आपल्याला ओळखीचा वाटू लागतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच रेडिओ-टीव्हीच्या बाबतीत हे एकतर्फी मैत्र टिपलं होतं. मित्राचं मत आपण तपासत नाही.

मला आवडणारे पॉडकास्ट वेगळं काम करतात. बदल केला त्या मिनिटाला प्रशिक्षकाला काय माहीत होतं, बाकावर कोण होतं, समोरचा संघ कुठे दमला होता, हे ते आधी मांडतात. स्कोअर नंतर सांगतात. असा एखादा भाग ऐकला की मी तो उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर चालताना पुन्हा लावतो.

नोव्हेंबर २०२४मध्ये, निवृत्ती घेतलेली असताना, वयाच्या ७३व्या वर्षी रानिएरी इटलीतल्या रोमा क्लबकडे परतले. रोमा बाराव्या स्थानावर होता, १२ सामन्यांत १३ गुण. उरलेल्या २६ सामन्यांत त्यांनी ५६ गुण मिळवले, त्यात लीगमधले सलग १९ सामने अपराजित. रोमा पाचवा आला. मी वही पुन्हा उघडली. रोमा मोठा संघ आहे, म्हणून फासाही त्याच्या बाजूने झुकता घेतला: तीन तोंडांवर विजय, दोनांवर बरोबरी, एकावर हार. २६ वेळा टाकला तर सरासरी ४८ गुण पडतात. ५६ किंवा त्याहून जास्त गुण दहा वेळांतून साधारण एकदाच पडतात.