अडलेली बाई आणि रेफरची चिठ्ठी

मराठीत बाळंतपणाला दोन क्रियापदं कायमची चिकटली आहेत. बाई अडते, किंवा बाई सुटते. ‘सुनेची सुटका झाली का हो?’ असं आमच्या रामबागेतल्या म्हाताऱ्या अजून विचारतात आणि विचारताना आवाज खाली घेतात. इंदुरात गेल्या वीसेक वर्षांत या दोन शब्दांच्या मधे तिसरा येऊन बसला आहे: ‘रेफर केलं’. बडवानी, खरगोन, झाबुआ, आलीराजपूर, धार, कुठूनही गाडी निघाली की ती शेवटी इथेच येते, बहुतेक वेळा एम.वाय. या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या दारात.

माझी मावशी निमाडातल्या, म्हणजे खरगोन-बडवानीकडच्या, एका तालुक्याच्या गावी लेबर रूमची सिस्टर होती. तिच्याकडून या रेफरच्या चिठ्ठीचं वर्णन ऐकलं आहे. अर्धा कागद, खाली कार्बन, वर नाव आणि वय, आणि मजकूर एका ओळीचा: ‘पुढील उपचारांसाठी इंदूरला रेफर.’ रक्तदाब किती होता, कळा कधी सुरू झाल्या, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, यातलं काही नाही. पुढच्या डॉक्टरला बाईला पहिल्यापासून तपासावं लागे आणि तोवर रस्त्यातले तीन-चार तास गेलेले असत. ‘चिठ्ठी लिहिली की आमच्याकडचा मृत्यू टळायचा,’ मावशी म्हणाली. ‘बाईचा टळायचाच असं नाही.’

ही चिठ्ठी कुठून आली हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं. कारण जवळजवळ सव्वाशे वर्षं सरकारं, संस्थानिक, मिशनरी आणि सुधारक एकाच प्रश्नाच्या मागे होते: बाई दवाखान्यात का येत नाही? ती आल्यावर आत काय होतं, याची सरकारदरबारी नेटाने विचारपूस व्हायला लागली ती अगदी अलीकडे.

सुरुवातीची गोष्ट आजच्या मध्य प्रदेशातलीच आहे. १८८१ मध्ये पन्नाच्या महाराणीवर एलिझाबेथ बिल्बी या मिशनच्या बाईंनी उपचार केले. बिल्बी इंग्लंडला निघाल्या तेव्हा महाराणीने व्हिक्टोरिया राणीसाठी निरोप दिला की इथल्या बायका आजारपणात फार सोसतात. तो बारीक अक्षरात लिहून लॉकेटमध्ये घालून न्यायला सांगितलं. निरोप पोचला. पुढे १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी स्त्रियांना वैद्यकीय मदत पोचवण्यासाठी निधी उभा केला आणि देशभर जनाना दवाखाने निघाले. इंदुरात कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ पासून होतं. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये इथे आल्या, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर, आणि १८९१ मध्ये मिशनचं बायकांचं रुग्णालय सुरू झालं. होळकरांच्या नावाचं तुकोजीराव रुग्णालय आज एम.टी.एच. या तीन अक्षरांतच ओळखलं जातं. पत्ता सांगताना आपण रोज ‘एम.टी.एच. कंपाउंड’ म्हणतो, पण त्यातला ‘टी’ कोणाचा हे विचारलं तर तरुण रिक्षावाला गोंधळेल.

या सगळ्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा आमच्या घरातली बाळंतपणं मात्र वाड्याच्या मागच्या, सर्वांत काळोख्या खोलीतच होत होती. आजी सात वेळा बाळंत झाली, मुलं पाच राहिली. सुईण, शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू आणि पाचव्या रात्री सटवाई. ती नशीब लिहायला येते म्हणून त्या रात्री कोणी तरी जागत बसायचं. माझा आपला तर्क असा की ही जागरणाची रात्र नेमकी धोक्याच्या दिवसांत येते. सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीला जंतुसंसर्गाने येणारा ताप, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच डोकं वर काढतो आणि बाळाचा धनुर्वातही पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. जंतू माहीत नव्हते, पण भीती कोणत्या दिवशी बाळगायची हे बायकांना माहीत होतं.

मग त्या दवाखान्यात का जात नव्हत्या? सोवळं-ओवळं होतं, पडदा होता, परका पुरुष डॉक्टर होता. पण या सगळ्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळात रुग्णालय हे घरापेक्षा सुरक्षित होतंच असं नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४६ मध्ये प्रसूतीचे दोन विभाग होते. सुइणींच्या विभागात शंभरातल्या तीनेक बाळंतिणी दगावत, डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात अकरा. बायका रस्त्यात बाळंत होणं पत्करत, पण त्या विभागात जायला नको म्हणत. डॉक्टर शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत होते. इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ च्या मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि दोन-तीन महिन्यांत आकडा दोनच्या आसपास उतरला. त्याचं ऐकलं कोणी? फारसं नाही. खुद्द इंग्लंडात १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाख बाळंतपणांमागे चारशेच्या घरात बायका मरत होत्या, शिकलेले डॉक्टर आणि स्वच्छ वॉर्ड असूनही. खरी उतरंड लागली ती नंतर. जंतुसंसर्गावरची सल्फाची औषधं आली, १९३५ मध्ये रक्तस्राव थांबवणारं अर्गोमेट्रिन आलं, रक्तपेढ्या आल्या. म्हणजे नुसती इमारत कधीच पुरली नव्हती. हात, औषध आणि रक्त एका वेळी एका खोलीत असावं लागतं.

आपल्याकडे १९४६ च्या, सार्वजनिक आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीने अंदाज दिला होता की हजार जन्मांमागे वीस माता मरतात. त्याच सुमारास श्रीलंकेची अवस्थाही काही फार बरी नव्हती. त्यांनी गावोगाव शिकलेल्या सुइणी नेमल्या, त्यांच्या मागे चालू स्थितीतली रुग्णालयं ठेवली आणि झालेला प्रत्येक मृत्यू मोजला. साठेक वर्षांत ते कुठल्या कुठे गेले. आपल्याकडे इंदूरला १९४८ मध्ये मेडिकल कॉलेज झालं, पन्नाशीच्या दशकात एम.वाय.ची उंच इमारत झाली, पण निमाड-झाबुआच्या पाड्यांवर पोचली ती एएनएम, म्हणजे सरकारी परिचारिका-सुईण, आणि तिच्या डोक्यावर लवकरच कुटुंब नियोजनाचं टार्गेट आलं. मावशी सांगते, महिन्याच्या मीटिंगला ‘केसेस किती आणल्या’ हा प्रश्न नसबंदीचा असायचा. बाळंतिणी किती वाचल्या हे कोणी विचारत नसे. जगभर हीच तऱ्हा होती. माता-बाल आरोग्यातली ‘माता’ कुठे आहे, असा सवाल १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रोझेनफील्ड आणि मेन या दोघांनी केला, तेव्हा कुठे १९८७ मध्ये नैरोबीला सुरक्षित मातृत्वाची परिषद भरली.

दाईला साबण, धागा आणि ब्लेड देऊन प्रशिक्षण देण्याचा प्रयोग त्याच्याही आधीपासून, थेट १९०३ च्या व्हिक्टोरिया निधीपासून चालू होता. त्याने नाळ स्वच्छ कापली जाऊ लागली, बाळांचा धनुर्वात कमी व्हायला मदत झाली. पण बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला की दाईच्या हातात काहीच नसतं.

मग १२ एप्रिल २००५ ला जननी सुरक्षा योजना आली आणि चित्र एकदम पालटलं. मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या बाईला १,४०० रुपये, शहरातल्या बाईला १,०००, सोबत आणणाऱ्या आशालाही मानधन, आणायला ‘जननी एक्सप्रेस’ नावाची सरकारी गाडी. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत राज्यातली फक्त २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१५-१६ मध्ये हा आकडा ८१ वर गेला, २०१९-२१ मध्ये ९१ वर. इतक्या कमी काळात इतक्या बायकांनी आपली सवय बदलल्याची उदाहरणं थोडी असतील. शंभर वर्षांचा प्रश्न पैशाने आणि गाडीने दहा वर्षांत सुटला.

मृत्यू कमी झाले का? झाले. २००४-०६ मध्ये मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून लाख जिवंत जन्मांमागे ३३५ मातामृत्यू होते, २०१४-१६ मध्ये १७३. पण दवाखान्यातली बाळंतपणं तिपटीने वाढली आणि मृत्यू निम्म्यावरच आले. मधला फरक कुठे गेला, याचं उत्तर शोधायला लोक लेबर रूमच्या आत गेले. उज्जैनच्या मेडिकल कॉलेजमधले संशोधक आणि त्यांचे स्वीडनचे सहकारी यांनी राज्यातल्या दवाखान्यांत बसून पाहिलं. खोल्या खचाखच भरलेल्या, कळांची प्रगती नोंदवण्याचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ कोरा, आणि झटके आले किंवा रक्तस्राव झाला तर पहिलं काय करायचं हे विचारल्यावर बऱ्याच सिस्टरांची उत्तरं अपुरी. मावशीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, ‘एका पाळीत आठ बाळंतपणं मी एकटीने केली आहेत. तो आलेख कधी भरायचा होता?’

उशीर तीन प्रकारचे असतात असं १९९४ पासून मांडलं जातं: निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिले दोन उशीर योजनेने कमी केले. आता गर्दी तिसऱ्यात झाली होती.

बडवानीत ती उघडकीला आली. २०१० मध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयात आठ महिन्यांत वीसहून अधिक बाळंतिणी गेल्या, बहुतेक आदिवासी. डिसेंबरच्या अखेरीला लोकांनी मोर्चा काढला. बायका दवाखान्यात येत नाहीत म्हणून काढलेला हा मोर्चा नव्हता. त्या आल्या होत्या, काही जणी दोन-दोन ठिकाणी फिरून आल्या होत्या, म्हणून होता. त्याआधीच, २००८ मध्ये, संदेश बन्सल यांनी राज्यातल्या मातामृत्यूंवर जनहित याचिका केली होती. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ६ फेब्रुवारी २०१२ ला निकाल दिला: गरोदरपण आणि बाळंतपणातून बाईला जिवंत निभावता न येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पाणी, वीज, रक्त, गाडी, माणसं, सगळं पुरवा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. इतका महत्त्वाचा निकाल आपल्या शहरातून निघाला, पण इंदूरकरांच्या गप्पांत तो कधी येत नाही. पोहे-जिलबी आणि स्वच्छतेचा पहिला नंबर येतो.

त्यानंतरचे बदल आतल्या खोलीचे आहेत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने औषध, सिझेरियन, रक्त, जेवण आणि घरी परत जाण्याची गाडी फुकट केली. २०१६ मध्ये केंद्राने लेबर रूममध्ये बाईसोबत घरातल्या एका बाईला राहू द्यायला सांगितलं. कागदावर ही एक ओळ. पण ज्यांनी आतलं ओरडणं आणि थप्पड ऐकली आहे त्यांना तिची किंमत कळेल. डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. त्यात लेबर रूमला चक्क गुण मिळतात, ७० च्या वर गेलं तर प्रमाणपत्र. कोपरापासून चालणारा नळ, भिंतीवरचं घड्याळ, औषधांचे रंगीत ट्रे, खाटांमधले पडदे असली ‘किरकोळ’ कामं त्यामुळे झाली.

फ्रिजचंच घ्या. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसावं म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, नाही तर त्याचा असर उतरतो. मावशीच्या दवाखान्यात फ्रिज लसींचा होता, त्याची किल्ली दुसऱ्याकडे, आणि ऑक्सिटोसिन खिडकीजवळच्या ट्रेमध्ये. निमाडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. हेच औषध गोठ्यात म्हशींना पान्हा फुटावा म्हणून सर्रास टोचतात. तो गैरवापर थांबवायला केंद्राने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ते बनवायलाच मनाई केली. बाळंतिणींचं काय, असा प्रश्न उभा राहिला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरात तो आदेश रद्द केला.

दुसरी वस्तू आपल्या बेळगावची. किती रक्त गेलं हे सिस्टर नजरेने ठरवते आणि नजर नेहमी कमीच सांगते, कारण ते चादरीत, फरशीवर, कापडात मुरतं. बेळगावच्या मेडिकल कॉलेजने परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक साधी प्लॅस्टिकची पिशवी वापरात आणली. बाईच्या कमरेखाली पसरायची, तळाला निमुळती, वर मिलिलिटरच्या खुणा. २००६ मध्ये त्यांचाच अभ्यास छापून आला. १,६२० बायका, रक्तस्राव रोखणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी देणाऱ्या गावातल्या एएनएम, आणि रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशाच खुणांची पिशवी आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत वापरली, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्यापुढची संकटं ६० टक्क्यांनी घटली.

मध्य प्रदेशाचा मातामृत्यूंचा आकडा मात्र बरीच वर्षं १७३ च्या आसपासच घोटाळत राहिला. २०१८-२० मध्ये देशाचा ९७ होता, महाराष्ट्राचा ३३, केरळचा १९, आपला पुन्हा १७३.

ज्या जातात त्यांच्यासाठी २०१० पासून मातामृत्यू परीक्षणाची पद्धत आहे. इंग्लंडात ती १९५२ पासून आहे. मृत्यू कळवायचा, फॉर्म भरायचा, दवाखान्यात एक बैठक, मग जिल्हाधिकाऱ्यांपुढे एक. कोणाला शिक्षा करण्यासाठी ही बैठक नाही, असं नियमातच लिहिलं आहे. त्या शेवटच्या बैठकीला मयत बाईच्या घरचे दोघे बोलावतात. मावशी नोकरीत असताना एकदा अशा बैठकीला हजर होती. नवरा आणि सासू आले होते. सासू उभीच राहिली, बसायला तयार होईना. साहेबांनी विचारलं, काय झालं ते सांगा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिने सगळ्या वेळा सांगितल्या. गाडी किती वाजता आली, पहिल्या दवाखान्यात किती वेळ बाकावर बसवलं, रक्त आणायला मुलगा किती वाजता गेला, चिठ्ठी किती वाजता हातात दिली. समोरच्या फॉर्ममध्ये त्या रकान्यांत एकच वेळ भरलेली होती, मृत्यूची.