पाच पौंड हवेवर चालणारी गाडी

डिसेंबरातल्या एका रविवारी नागावच्या किनाऱ्यावर एक पांढरी एसयूव्ही वाळूत रुतली होती. ओहोटी संपत आलेली, पाणी परतायला फार वेळ नव्हता. मालक अॅक्सिलरेटर दाबायचा, पुढची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि गाडी बोटभर आणखी खाली बसायची. फळी घालून झाली, झावळ्या घालून झाल्या, चार जणांनी मिळून ढकलून झालं. एवढ्यात शेजारून एक लाल एटीव्ही गेली, म्हणजे जाडजूड टायरांची, हँडलने वळवायची, कुठल्याही जमिनीवर चालणारी चारचाकी. चालवणारी मुलगी बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच असलं काही चालवत होती, कारण ती सारखी किंचाळत होती. गाडी मात्र वाळूवरून डांबरी रस्त्यावरून जावी तशी गेली.

एसयूव्हीचं इंजिन शंभरेक हॉर्सपॉवरचं. किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या त्या एटीव्हीचं फार तर दहा-पंधरा. एटीव्ही भाड्याने देणारा माणूस बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. शेवटी तो म्हणाला, ‘‘जोर लावून काय उपयोग साहेब, हवा काढा.’’

त्याच्या या एका वाक्यात एटीव्हीचं अर्धं विज्ञान आलं.

पंक्चरवाल्याकडे आपण ‘बत्तीस-बत्तीस’ सांगतो, म्हणजे दर चौरस इंचाला बत्तीस पौंड, ३२ पीएसआय. शेतकामाच्या, ओझी वाहायच्या एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण ४ ते ७ पीएसआय एवढीच हवा असते. आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या गेजवर हा आकडा धड वाचताही येत नाही, त्यासाठी कमी दाबाचं वेगळं गेज लागतं. टायर जमिनीवर जो दाब टाकतो, तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. टायरची भिंत स्वतः थोडं वजन पेलते, पण ते तूर्त सोडून देऊ. ५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.३५ किलो. एटीव्ही ३०० किलोची आणि चालवणारा ८० किलोचा धरला, तर हे वजन पेलायला चारही टायर मिळून हजार-अकराशे चौरस सेंटीमीटर जागा व्यापतात. टायर तेवढा चपटा होतो, फाकतो आणि जमिनीला बिलगतो.

आता माणसाकडे बघा. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पायावर असतो आणि त्याच्या तळव्याचं क्षेत्रफळ दोनशेच्या आसपास चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की तेच ०.३५ येतं! पावणेचारशे किलोचं ते धूड वाळूवर जेमतेम एका चालत्या माणसाइतकं रुततं. कारच्या टायरखाली हाच आकडा सव्वादोन किलोच्या आसपास जातो, म्हणजे सहापट.

ही युक्ती होंडाला सापडली ती एका भलत्याच अडचणीतून. हिवाळ्यात बर्फ पडलं की अमेरिकेत मोटारसायकली विकल्या जात नसत, म्हणून तिथल्या विक्रेत्यांनी कंपनीकडे थंडीत विकता येईल असं काहीतरी मागितलं. ओसामू ताकेउची या अभियंत्याने दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत निरनिराळ्या रचना करून पाहिल्या आणि तो तीन चाकांवर स्थिरावला. खरा प्रश्न चाकांच्या संख्येचा नव्हताच, टायरचा होता. ॲम्फिकॅट नावाच्या सहाचाकी वाहनाचे फुग्यासारखे टायर त्याच्या पाहण्यात आले आणि गाडं पुढे सरकलं. १९७० मध्ये बाजारात आलेल्या यूएस-९० या तीनचाकीला अवघं सात हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. चारचाकी एटीव्ही सुझुकीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना जोर देणारी काढली. तोवर ही मौजेची गाडी गोठ्यात आणि शेतात रुजली होती. पुढेमागे कॅरियर आणि मागे ट्रॉलीचा हुक लागल्यावर ती ‘युटिलिटी’ झाली. शेजारी-शेजारी बसायची आसनं, स्टिअरिंग व्हील आणि मागे हौदा असलेली मोठी भावंडं नंतरची.

चाक रुतलं नाही, पण फिरतंय फुकट, याला काय करायचं? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरेन्शियल असतो. त्याची खोड अशी की तो दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात असलं, की ते जेवढा क्षुल्लक जोर पेलतं तेवढाच कोरड्यातल्या चाकाच्याही वाट्याला येतो. एक भाऊ आळशी निघाला म्हणून दुसऱ्यालाही रिकामं बसवण्यातला प्रकार. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यावरचा उपाय ठाऊक असतो. टाचेखाली डिफरेन्शियल लॉकचा पेडल असतो, तो दाबला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. एटीव्हीत हेच काम एक बटण करतं, किंवा मागे डिफरेन्शियलच नसतो, एक अखंड दांडाच असतो. मग वळताना एक टायर घासला जातो. चिखलात ते चालून जातं, पण हिरवळीवर टायरने गवताची सालं निघतात. म्हणून बऱ्याच नव्या गाड्यांत लॉक सोडणारी खास हिरवळीसाठीची सोय असते. गोल्फच्या मैदानाची काळजी घेणाऱ्या माळ्याला तिची किंमत विचारा.

पुढच्या चाकांची युक्ती मला जास्त आवडते. पोलारिस या अमेरिकी कंपनीच्या गाड्यांत पुढच्या चाकांकडे जाणारा जोर छोट्या दंडगोलांच्या क्लचमधून जातो. सगळं सुरळीत असताना पुढची चाकं जमिनीच्या ओढीने फिरतात आणि ते दंडगोल मोकळे राहतात. मागची चाकं घसरून जास्त वेगाने फिरायला लागली, की दंडगोल फटीत पाचरीसारखे अडकतात आणि पुढच्या दोन्ही चाकांना त्याच क्षणी जोर मिळतो. पकड परत आली की आपोआप सुटतात. चालवणाऱ्याने फक्त बटण चालू ठेवायचं.

गिअरबॉक्स बघितला तर जुनी ओळख निघते. १९८४ मध्ये आलेली किनेटिक होंडा स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांनी एटीव्हीचा गिअरबॉक्स चालवल्यासारखाच आहे. दोन कप्प्या आणि त्यांमधून फिरणारा पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की फिरणारी वजनं बाहेर फेकली जाऊन कप्पी आवळते, पट्टा वर सरकतो आणि गिअर बदलल्याचा परिणाम पायऱ्यांशिवाय मिळतो. अमेरिकेतल्या मिनेसोटामधली पोलारिस मुळात बर्फावरच्या स्नोमोबाइल बनवायची. तिथला हा पट्टा तिने १९८५ मध्ये आपल्या पहिल्या एटीव्हीत आणला. पट्ट्याचे दोन शत्रू. पहिलं पाणी, ओला पट्टा घसरतो. म्हणून ओढे ओलांडणाऱ्या एटीव्हीत पट्ट्याच्या पेटीला हवा देणारी नळी उंचावर नेलेली असते. दुसरा उतार. वेग कमी झाला की पट्टा सैल पडतो आणि इंजिनाचा ब्रेक मिळेनासा होतो. घाट उतरताना किनेटिक होंडावाल्यांचे ब्रेक का तापायचे, ते इथे कळतं. नव्या एटीव्हीत क्लचमध्ये एकाच दिशेने फिरणारं बेअरिंग बसवून इंजिन उतारावर गाडी धरून ठेवेल अशी सोय केलेली असते.

इलेक्ट्रिक मोटार आली की हा पट्टाच जातो. डिसेंबर २०२१ मध्ये पोलारिसने इलेक्ट्रिक मोटारसायकली बनवणाऱ्या झिरो मोटरसायकल्सच्या साथीने बनवलेली रेंजर एक्सपी किनेटिक जाहीर केली, शेजारी-शेजारी आसनांच्या त्या मोठ्या भावंडांपैकी एक. (आपल्या किनेटिकशी नावापुरताच संबंध.) ११० हॉर्सपॉवर, आणि मोटारीची खरी ताकद अशी की ती शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ (टॉर्क) देते. टनभराची ट्रॉली चिखलातून हलवताना नेमकं हेच हवं असतं. कंपनीने दिलेली ओढण्याची मर्यादा २,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,१३० किलो. गाडी जवळपास आवाज करत नाही, गोठ्यातल्या गायी बुजत नाहीत आणि बंद शेडमध्ये धूर होत नाही.

पण मऊ टायरची किंमत इथे उघडी पडते. मोठ्या बॅटरीची क्षमता २९.८ किलोवॉट-तास आणि कंपनी सांगते ती रेंज ८० मैल, सुमारे १३० किलोमीटर. आपल्याकडे २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे जवळपास तेवढीच, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीतला तिचा आकडा ३१२ किलोमीटर. दोन्ही चाचण्या एकसारख्या नाहीत, तरी निम्म्याहून जास्त फरक नुसत्या चाचणीने पडत नाही. दर फेऱ्याला चपटा होऊन पुन्हा फुगणारा टायर ऊर्जा खातो, ती उष्णतेत जाते. त्यात खोबणींचे टायर आणि खोक्यासारखा आकार. रुतू नये म्हणून जे केलं, तेच मोकळ्या रस्त्यावर ओझं होतं.

दुसरी किंमत जास्त वाईट. दगडांवरून जायला पोट उंच हवं, झाडांमधून जायला गाडी अरुंद हवी. उंच आणि अरुंद, म्हणजे कलंडायला सोपी. दोन चाकांमधलं अंतर ९५ सेंटीमीटर आणि माणसासकट गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटर उंच धरला, तर कागदावर साधारण ३४ अंशांच्या आडव्या उतारावर ती उलटायच्या बेतात येते. टायर दबतो आणि चाक खड्ड्यात जातं, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच आधी. तीनचाकींनी इतके बळी घेतले की १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या करारानंतर कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून नव्या कामाच्या क्वाड बाइकवर (चारचाकी एटीव्हीचंच तिथलं नाव) सीटमागे संरक्षक कमान सक्तीची केली, गाडी उलटलीच तर माणूस तिच्याखाली पूर्ण चेंगरू नये म्हणून. काही मोठ्या कंपन्यांनी ती बसवण्याऐवजी तिथला बाजारच सोडला. मला तो निर्णय अजून पटलेला नाही.

एटीव्हीची सीट लांब का असते, हे बहुतेकांना माहीत नसतं. मागे कुणाला बसवता यावं म्हणून ती लांब नाही. चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला, असं सरकत राहून चालवणाऱ्याने स्वतःच्या वजनाने गाडी सावरायची असते. बहुतेक गाड्यांवर ‘दुसरा माणूस बसवू नये’ असं चिकटवलेलंच असतं. मागे माणूस बसला की सरकायला जागा उरत नाही, आणि गुरुत्वमध्य वर आणि मागे जातो.

नागावला शेवटी एसयूव्हीवाल्याने ऐकलं. काडीने व्हॉल्व्ह दाबून चारही चाकांची हवा काढली, टायर खाली पसरले, आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी रेल्वेच्या डब्यासारखी संथपणे बाहेर आली. टाळ्या झाल्या. एटीव्हीवाल्याने आपल्या लाल गाडीच्या टायरमध्ये अंगठा रुतवून बघितला, मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आई, वडील आणि दोन मुलं.

‘‘चौघं बसतील ना?’’ वडिलांनी विचारलं.

‘‘बसतील की साहेब. धाकटीला पुढे टाकीवर घ्या.’’