सशाच्या जागी फडकं

जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आम्ही दोन-तीन मराठी घरं रविवारी सकाळी आपापले बीगल कुत्रे गाडीत घालून झाशी रोडला निघतो. टेकनपूरच्या अलीकडे उतरलं की कोहरा जेमतेम निवळत असतो आणि मोहरीचे बांध दंवाने ओलेगच्च. एकजण कोंबडीच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाटाचं फडकं सुतळीला बांधून तीनशे-चारशे पावलं ओढत नेतो, मध्ये दोन वळणं घेतो आणि शेवटाला उकडलेल्या काळजाचा तुकडा ठेवतो. अर्ध्या तासाने कुत्र्याला मागावर घालायचं. दोरी दहा मीटरची, पट्टा गळ्यात नाही, छातीला. शेतावरची माणसं हसतात. हसू देत, पण हे फडकं आलं कुठून, ते सांगायला हवं.

बीगल मूळचा इंग्लंडचा आणि सशावरचा. फॉक्सच्या, म्हणजे खोकडाच्या, शिकारीला घोडा लागायचा, सशामागे माणसं पायीच जात. ससा आपला परिसर सहसा सोडत नाही, मोठा फेरा मारून पुन्हा तिथेच येतो, म्हणून चालणाऱ्यालाही ते जमे. कुत्रा फार वेगवान नको, पण चिवट हवा आणि माग लागला की ओरडणारा हवा. शेपटीचं पांढरं टोकही उंच गवतात त्याचा पत्ता देतं. आजचा बीगल घडला त्यात एसेक्सचे पाद्री फिलिप हनीवुड यांनी 1830 च्या दशकात बाळगलेल्या कळपाचा वाटा मोठा मानतात. ईटनच्या शाळेत तर 1858 पासून मुलांचा स्वतःचा कळप होता.

आपल्याकडे शिकारी कुत्रे नव्हते असं नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकी सांगताना कुत्र्यांसाठी वेगळं प्रकरण लिहिलं. पण दख्खनचे कारवानी आणि मुधोळ हे डोळ्यांचे कुत्रे: सावज दिसलं की सुटायचे. मान खाली घालून तासभर जमीन हुंगत बसणं त्यांच्या पिंडात नाही. नाकावर चालणारे कळप इथे गोऱ्या साहेबांनी आणले आणि उटी, पेशावरला खोकडाऐवजी ते कोल्हेकुईवाल्या कोल्ह्यावर, म्हणजे गोल्डन जॅकलवर, घातले.

फडकं ओढायची युक्तीही इंग्रजांचीच. शिकारीला जनावर नसेल त्या दिवशी विलायती बडीशेपेच्या तेलाचं फडकं शेतातून ओढून नेत आणि कळप त्यावर सोडत. (आमच्याकडे हा वास वापरला तर कुत्रा थेट महाराज बाड्यावरच्या पानवाल्याकडे पोचेल.) पुढे युक्तीचाच नियम झाला. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपवली. इंग्लंड-वेल्समध्ये 2004 चा कायदा 18 फेब्रुवारी 2005 ला लागू झाला आणि कुत्र्यांनी ससा मारणं बंद झालं. मग तिथल्या कळपांनाही आखलेल्या मागावर धावणं आलं.

मधल्या काळात या नाकाला सरकारी नोकरीही लागली. अमेरिकेने 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सामानातली फळं आणि मांस हुडकायला बीगल नेमले. लहानखुरा, प्रेमळ चेहऱ्याचा. प्रवासी दचकत नाहीत. आणि आम्ही जिथे फडकं ओढतो तिथून जवळच, टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र 1970 पासून आहे. तिथे तयार झालेली रिया 2024 च्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत माग काढण्यात पहिली आली. रिया मुधोळ! डोळ्यांच्या कुत्र्याने नाकाची परीक्षा मारली. वर मी पिंडाबद्दल जे ठासून लिहिलं ते थोडं सैल करून वाचा.

थंडीच का? ओल्या, गार जमिनीवर वास टिकतो. ऊन चढून माती तापली की तो पातळ होत जातो, म्हणून दहा-साडेदहाला आमचा खेळ आटोपतो. भाचीचा बीगल गेल्या खेपेला पहिलं वळण झोकात घेऊन गेला. दुसऱ्यापाशी नाक उचललं, दोन पावलं मागे आला, पुन्हा वास धरला. तेवढ्यात हरभऱ्यातून खराखुरा ससा उठला. दोरी इतकी जोरात ताणली गेली की भाची बांधावर बसलीच. ससा गेला. कुत्रा पाच मिनिटं आभाळाकडे तोंड करून ओरडत राहिला आणि फडक्याकडे त्याने त्या दिवशी ढुंकूनही पाहिलं नाही.